एलएफपी की एनएमसी: दोन्ही पॅक वापरल्यानंतर

विजेवरच्या दुचाकीसाठी मी एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) आणि एलएफपी (लिथियम लोह-फॉस्फेट) अशा दोन्ही प्रकारच्या लिथियम-आयन सेलचे बॅटरी पॅक वापरले असून रोजच्या वापरासाठी माझा कौल निःसंशय एलएफपीला आहे. एनएमसी सेलचे सरासरी व्होल्टेज ३.६ ते ३.७, तर एलएफपीचे ३.२ असल्यामुळे ४८ व्होल्टसाठी पहिल्याचे १३ सेल पुरतात, तिथे दुसऱ्याचे १५-१६ जोडावे लागतात, आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी पॅकही जड होतो. मात्र लोह-फॉस्फेटमधला ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्याने सेल तापला तरी तो सहजी सुटत नाही आणि आग भडकण्याचा धोका कमी राहतो. पॅकवरच बसून प्रवास करणाऱ्याला हा गुण वजनापेक्षा मोलाचा वाटावा.

एलएफपीची एक अडचण मात्र खरी आहे. मल्टिमीटर लावल्यास ७० टक्के आणि ४० टक्के चार्जला सेलचा आकडा ३.३ व्होल्टच्या आसपासच घुटमळतो, त्यामुळे बीएमएसचा (पॅकवर लक्ष ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा) उरलेल्या चार्जचा अंदाज हळूहळू चुकत जातो आणि अधूनमधून पूर्ण चार्ज करून तो ताळ्यावर आणावा लागतो. शून्य अंशाखाली चार्जिंग तर दोन्ही प्रकारांत टाळावेच.

आकारात मला प्रिझमॅटिक (चौकोनी डब्यासारखे) सेल सोयीचे वाटले: २१७०० या छोट्या नळकांडी सेलसारखे असंख्य वेल्ड लागत नाहीत, फक्त फुगवटा रोखण्यासाठी दोन्ही बाजूंनी पक्की पट्टी आवळावी लागते.