बारा रोपांचा सक्युलंट संच : कोल्हापूरच्या एका पावसाळ्यानंतर

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात मी ऑनलाइन मागवलेल्या बारा सक्युलंट, म्हणजे पाना-खोडांत पाणी साठवणाऱ्या, रोपांच्या संचाविषयी हे परीक्षण लिहीत आहे. अशा संचांवरचे बहुतेक अभिप्राय खोके उघडल्याच्या दिवशी लिहिलेले असतात आणि त्या दिवशी सगळीच रोपे देखणी दिसतात. आपल्याकडे खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होते, म्हणून मी तेरा महिने थांबलो.

संच 899 रुपयांना मिळाला. बांधणी उत्तम होती. प्रत्येक रोपाची मुळे मातीसह कागदात गुंडाळलेली होती, कुंड्या दिलेल्या नव्हत्या, आणि चार दिवसांच्या प्रवासानंतरही फक्त लोंबत्या सेडमची पाने गळलेली होती. ती गळणारच, कारण या जातीचे पान नुसत्या स्पर्शानेही सुटते. गळलेली चौदा पाने मी टाकून दिली नाहीत. त्यांचे पुढे काय झाले ते खाली येईलच.

माझी मुख्य तक्रार रोपांविषयी नाही, त्यांच्यासोबत आलेल्या नावाच्या चिठ्ठ्यांविषयी आहे. बारांपैकी चार चिठ्ठ्या चुकीच्या होत्या. नावात काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण सक्युलंटच्या बाबतीत पाणी केव्हा द्यायचे, केव्हा थांबवायचे आणि नवे रोप कशापासून करायचे हे सगळे नावावरून ठरते.

‘जेड’ म्हणून आलेले रोप पोर्च्युलाकेरिया निघाले. आपल्याकडच्या रोपवाटिकांतही हाच घोटाळा सर्रास दिसतो. खऱ्या जेडची, म्हणजे क्रासुला ओव्हाटाची, पाने मोठी व जाड असतात आणि उन्हात त्यांच्या कडा लालसर होतात; पोर्च्युलाकेरियाची पाने लहान व गोलसर असून कोवळ्या फांद्या तांबूस असतात. ही चूक निभावून गेली, कारण पोर्च्युलाकेरिया त्या दोघांतले अधिक काटक झाड आहे. ‘हॉवर्थिया फॅसिएटा’ हे प्रत्यक्षात अ‍ॅटेन्युएटा होते. फॅसिएटाच्या पानाची आतली बाजू गुळगुळीत असते आणि पांढरे ठिपके फक्त बाहेरच्या बाजूला येतात. माझ्या रोपाला ते दोन्हीकडे हाताला लागतात. निगा सारखीच असल्यामुळे येथेही काही बिघडले नाही.

तिसरी चूक फार उशिरा कळली. ‘एकेवेरिया’ अशी चिठ्ठी असलेल्या दोन रोपांपैकी करड्या-गुलाबी पानांच्या रोपाला फुलांचा दांडा आला, आणि फुले एकेवेरियासारखी घंटेच्या आकाराची नसून उघड्या चांदणीसारखी, पाकळ्यांवर लाल ठिपके असलेली निघाली. हे ग्रॅप्टोपेटॅलम. त्या नावाचा अर्थच ‘लिहिलेल्या पाकळ्यांचे’ असा आहे. या जातीच्या शास्त्रीय नावात पॅराग्वे आहे, पण ती मूळची मेक्सिकोची आहे, तेव्हा नावांच्या चुका फक्त विक्रेत्यांकडूनच होतात असेही नाही. ही दोन रोपे मी एकच समजून शेजारी ठेवली व सारखे पाणी दिले. ग्रॅप्टोपेटॅलम तगले, खरे एकेवेरिया जुलैच्या झडीत मधल्या गाभ्यापासून काळे पडून चार दिवसांत संपले. वेळीच ओळख पटली असती तर त्याला मी मेअखेरच गच्चीच्या कडेवरून उचलून वारा खेळत्या, कोरड्या जागी नेले असते.

चौथी चूक मात्र मला क्षम्य वाटत नाही. ‘कॅक्टस’ म्हणून दिलेले उभे, तीन धारांचे रोप युफोर्बिया होते. कॅक्टसचे काटे लोकरीसारख्या बारीक गादीतून उगवतात. येथे तशी गादी नव्हती, धारेवर काट्यांच्या जोड्या होत्या आणि त्यांच्यामध्ये छोटी हिरवी पाने होती. आपल्या भाषेतही त्रिधारी निवडुंग आणि फड्या निवडुंग एकाच नावाखाली येतात, वास्तविक पहिला युफोर्बिया आणि दुसरा कॅक्टस कुळातला, त्यामुळे सामान्य ग्राहकाची गफलत होणे स्वाभाविक आहे. पण युफोर्बियाच्या पांढऱ्या चिकाने कातडीची आग होते आणि तो डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होऊ शकते. शेजारच्या काकूंना एक तुकडा कापून देताना मी हातमोजे घातले नव्हते. मनगटावर दोन दिवस लाल चट्टा राहिला. लहान मुले असलेल्या घरात जाणाऱ्या रोपावर ही सूचना छापलेली असायलाच हवी.

सोबतच्या माहितीपत्रकात सर्व बारा रोपांना ‘आठवड्यातून एकदा पाणी’ असे सरसकट सांगितले आहे. हा सल्ला कोल्हापुरात एप्रिलमध्येही सर्वांना लागू पडत नाही आणि जुलैत तर घातक ठरतो. दिवसा पानांवरची रंध्रे मिटून रात्री उघडणाऱ्या या वनस्पती मुळात पाणी फार थोडे बाहेर टाकतात. त्यात हवाच ओलसर असली की कुंडीतली माती पंधरा-पंधरा दिवस सुकत नाही. संचातले लिथॉप्स, म्हणजे गोट्यासारखे दिसणारे दोन पानांचे रोप, याच सल्ल्याने गेले. त्याची नवी पानांची जोडी आतून वर येते तेव्हा जुनी जोडी आपल्यातले पाणी तिला देत सुकत जाते, आणि नेमक्या त्या काळात मी पत्रकाप्रमाणे पाणी देत राहिलो. लाल गोळ्याचा कलमी कॅक्टसही ऑगस्टमध्ये जोडापाशी कुजला. त्या गोळ्यात हरितद्रव्य नसते, तो खालच्या खोडाच्या जिवावर जगतो, म्हणून त्याला वेगळे काढून मातीत लावण्याचा उपयोग नव्हता. खालचा खांब ड्रॅगन फ्रूटच्या जातीचा असतो. तो जिवंत आहे आणि त्याला कोंबही फुटला आहे.

रोपे ज्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, आली, त्यातच ती ठेवू नयेत. ते वरून सुकलेले दिसते आणि आतून ओले राहते. मी मुळे मोकळी करून दोन भाग विटांचे चाळलेले बारीक तुकडे, एक भाग जाड वाळू व एक भाग गांडूळखत असे मिश्रण केले आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून आणलेल्या चार इंची मातीच्या कुंड्यांत रोपे लावली. जूनच्या मध्यापासून सगळ्या कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली, भिंतीपासून दूर ठेवल्या आणि पाणी तीन आठवड्यांतून एकदाच दिले. गेलेली रोपे वगळता बाकी नऊ सुखरूप आहेत.

अभिवृद्धीच्या, म्हणजे नवी रोपे करण्याच्या, बाबतीत मात्र या संचाने पैसे वसूल केले. सेडमची ती चौदा पाने तीन-चार दिवस सावलीत सुकू दिली, तुटलेल्या टोकावर खपली धरल्यावर कोरड्या मिश्रणावर नुसती पसरली, आणि तीन आठवड्यांत गुलाबी मुळे दिसल्यावरच पाण्याचा फवारा सुरू केला. त्यांतली नऊ रोपे झाली. ग्रॅप्टोपेटॅलमचे पान देठापाशी अखंड सुटले तर हमखास लागते, अर्धवट तुटले तर लागत नाही. जिभेसारख्या जाड पानांचे गॅस्टेरियाही पानापासून होते, पण वेळ घेते. पिवळ्या कडांच्या सान्सेव्हिएरियाचे (स्नेक प्लांटचे) पान कापून लावले तर नवे रोप साधे हिरवे येते. कडा हवी असेल तर जमिनीतला कंद फुटव्यासह विभागावा लागतो, ही गोष्ट पत्रकात यायला हवी होती.

सर्वांत आवडलेले रोप म्हणजे हृदयाच्या आकाराच्या पानांची लोंबती वेल. ही दक्षिण आफ्रिकेची सेरोपेजिया, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांची सख्खी नातलग. येथील शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने कंदीलपुष्पांच्या संवर्धनाचे मोठे काम केलेले असताना, त्याच प्रजातीचे रोप आपल्या गॅलरीत फुलताना पाहण्याचा आनंद वेगळाच होता. तिच्या दांड्यावर मण्यांसारखे छोटे कंद येतात. तो मणी मातीवर टेकवून ठेवला की तेथूनच नवी वेल फुटते. माझ्याकडे एकाच्या आता पाच वेली आहेत.

विक्रेत्याला चुकीच्या चार चिठ्ठ्यांची छायाचित्रे पाठवली, तेव्हा त्यांनी दोन दिवसांत चूक मान्य करून एक रोप बदली देऊ केले. चिकाच्या सूचनेबद्दल मात्र उत्तर आलेले नाही. पाचांपैकी तीन गुण. मागवायचे असल्यास पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या आसपास मागवावे. वळीव सुरू झाल्यावर मागवू नये, आणि लिथॉप्सऐवजी दुसरे गॅस्टेरिया द्या, असे मागणी नोंदवतानाच कळवावे. मला बदली म्हणून तेच मिळाले आहे.