एक लेव्हल सॉर्सररची, बाकी सगळा विझार्ड: ‘बाल्डर्स गेट ३’मधल्या मल्टिक्लासिंगबद्दल

आधीच सांगते, हे पूर्ण गेमचं परीक्षण नाही. ‘बाल्डर्स गेट ३’ हा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कागद-फाशांच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीवर बेतलेला कॉम्प्युटर गेम ऑगस्ट २०२३मध्ये आला आणि त्याची कथा, पात्रं, संवाद यांवर लिहायचं ते लोकांनी लिहून झालंय. मी तो तीनदा सुरू केला आणि तिन्ही वेळा विझार्ड हाच क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, घेतला (विझार्ड अभ्यासानं जादू शिकतो, सॉर्सररला ती जन्मजात असते). त्यामुळे मला बोलायचंय ते फक्त एका गोष्टीवर: यात विझार्डला दुसरा क्लास जोडायला, म्हणजे मल्टिक्लास करायला, किती मजा येते आणि गेम त्यात तुम्हाला किती सांभाळून घेतो.

पहिल्या वेळी मी हौसेनं विझार्ड आणि सॉर्सरर निम्मेनिम्मे केले. डोक्यात हिशोब असा, की दोघेही जादूवाले, म्हणजे दुप्पट जादू. विझार्डची जादू इंटेलिजन्सवर चालते, सॉर्सररची करिझ्मावर, म्हणून दोन्ही १६, त्यापायी कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा चिवटपणा) १२वर आणलं. सहाव्या लेव्हलला पोचले तेव्हा तीन लेव्हल विझार्डच्या, तीन सॉर्सररच्या, आणि फीट (खास कौशल्य किंवा वाढीव गुण) एकही नाही. कारण फीट मिळतो तो एखाद्या क्लासच्या चौथ्या लेव्हलला. एकूण लेव्हल किती झाली याच्याशी त्याचा संबंध नाही. पार्टीतले बाकीचे तिघे आपापला फीट घेऊन बसलेले आणि माझी बाई कोरडी. एक ना धड भाराभर चिंध्या.

मोडलं ते एका लढाईत. होल्ड पर्सन हा स्पेल (मंत्र) टाकून एकाला जखडला होता, पुढच्या टर्नला दोघं मिळून त्याचा निकाल लावणार. तेवढ्यात मला ९ डॅमेजचा एक बाण लागला. हा स्पेल एकाग्रता असेपर्यंतच टिकतो; मार बसल्यावर ती टिकवायची तर फासा टाकून १० किंवा डॅमेजच्या निम्मे, यातला मोठा आकडा गाठायचा, म्हणजे १०. फासा पडला ८. कॉन्स्टिट्यूशन १२चा बोनस १ मिळवून ९. गेला स्पेल. सुरुवात विझार्डनं केली असल्यामुळे कॉन्स्टिट्यूशन सेव्हची (म्हणजे या झेलायच्या फाशाची) प्रोफिशियन्सी, म्हणजे वाढीव बेरीज, नव्हती. सुरुवात सॉर्सररनं केली असती तर त्या लेव्हलला ३ अजून मिळाले असते आणि स्पेल टिकला असता. क्लास तेच दोन, फक्त क्रम उलटा. सेव्हची प्रोफिशियन्सी पहिल्या लेव्हलच्या क्लासचीच मिळते हा नियम मला पाठ होता. क्लास निवडताना तो आठवला नाही, यात दोष माझाच.

आता कौतुकाचा भाग. अशी माती खाल्ली तरी या गेममध्ये ती निस्तरता येते. पहिल्या अ‍ॅक्टमधल्या जुन्या थडग्यात विदर्स नावाचा एक वाळलेला म्हातारा भेटतो (तुम्हाला सापडला नाही तर स्वतःच कॅम्पवर येऊन उभा राहतो). त्याला १०० सोन्याची नाणी दिली की तो तुमचं पात्र पहिल्या लेव्हलपासून पुन्हा बांधून देतो. क्लास बदला, आकडे बदला, हवं तितक्या वेळा. सोबत्यांचंही करता येतं. कागदावर खेळणाऱ्यांना याची किंमत कळेल. तिथे चुकीचं पात्र घेऊन महिनोन्महिने रेटावं लागतं, नाहीतर डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) विनवण्या कराव्या लागतात.

आमच्याकडे डीएम म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याला मी माझं नवं गणित दाखवलं: पहिली लेव्हल सॉर्सरर, पांढऱ्या ड्रॅगनच्या वंशातला, आणि पुढच्या अकरा विझार्ड, संरक्षक जादूची अ‍ॅब्जुरेशन शाखा. इंटेलिजन्स १७, कॉन्स्टिट्यूशन १६, डेक्स्टेरिटी १४, विस्डम १०, स्ट्रेंग्थ आणि करिझ्मा ८-८. सुरुवातीला गुणांवर वाटायला मिळणारे २७ पॉइंट बरोबर संपतात. त्यानं वहीत डोकावून पाहिलं आणि पहिलं वाक्य टाकलं, “ताई, करिझ्मा आठ असताना सॉर्सरर? माझ्या टेबलावर नाही चालायचं.” खरंय त्याचं. पाचव्या आवृत्तीच्या छापील नियमांत मल्टिक्लास करायचा तर दोन्ही क्लासच्या मुख्य गुणात किमान १३ लागतात. या गेमनं ती अटच काढून टाकलीय. मला विचाराल तर सगळी गंमत इथून सुरू होते.

करिझ्मा ८ चालतो, कारण सॉर्सररकडून मला हवंय ते करिझ्माला विचारतच नाही. पांढऱ्या ड्रॅगनच्या वंशाबरोबर आर्मर ऑफ अ‍ॅगाथिस हा स्पेल मिळतो. अंगावर बर्फाचं कवच चढतं, तात्पुरते हिट पॉइंट मिळतात, आणि जवळ येऊन जो मारेल त्याला तितकाच गारठ्याचा तडाखा बसतो. पहिल्या लेव्हलच्या स्लॉटनं (स्लॉट म्हणजे एकदा स्पेल टाकायची शिदोरी) ५, तिसऱ्याच्या स्लॉटनं १५, सहाव्याच्या स्लॉटनं ३०. समोरच्याला सेव्ह नाही, तुम्हाला फासा नाही, एकाग्रताही नाही. शिवाय ड्रॅगनच्या कातडीमुळे आर्मर क्लास (वार चुकवण्याचा आकडा) १३ अधिक डेक्स्टेरिटीचा बोनस, आणि पहिला क्लास सॉर्सरर म्हणून कॉन्स्टिट्यूशनची प्रोफिशियन्सी. एका लेव्हलमध्ये एवढं पदरात पडतं.

कवचाची अडचण अशी, की तात्पुरते हिट पॉइंट संपले की तेही संपतं. तिथे अ‍ॅब्जुरेशनचा आर्केन वॉर्ड कामाला येतो. अ‍ॅब्जुरेशनचे स्पेल टाकत गेलात की वॉर्डचा आकडा चढतो, विझार्ड लेव्हलच्या दुपटीपर्यंत. मार बसला की वॉर्ड त्याच्या आकड्याइतकं डॅमेज गिळतो आणि स्वतः फक्त एकानं उतरतो. कागदावरचा वॉर्ड वेगळा असतो. तिथे जितका मार खाल्ला तितका तो झिजतो. इथे तो हट्टी आहे.

गॉब्लिनांच्या छावणीत पाचव्या लेव्हलला हे पहिल्यांदा नीट जमून आलं. वॉर्ड ८वर भरलेला, कवच तिसऱ्या स्लॉटचं. मी मुद्दाम दारात जाऊन उभी राहिले. पहिल्यानं ६चा वार केला. मला शून्य, त्याला १५. दुसऱ्यानं ७चा केला, वॉर्ड तेव्हा ७वर होता; मला पुन्हा शून्य, त्यालाही १५. माझा टर्न अजून आलेलाही नव्हता. कधी नव्हे ते विझार्डला पुढे करून फायटर मागे थांबला होता.

आता हिशोब द्यायचा तो काय? तर लेव्हलची कमाल इथे १२ आहे, कागदावरच्यासारखी २० नाही, त्यामुळे एकेक लेव्हल महाग. अकरा-एकमध्ये विझार्डची बारावी लेव्हल जाते, म्हणजे तिसरा फीट जातो. स्लॉट मात्र एकही जात नाही; सॉर्सररही पूर्ण जादूवाला क्लास असल्यानं त्याची लेव्हल स्लॉटमध्ये धरली जाते. मला सौदा मान्य आहे. फायटरच्या दोन लेव्हल घेणारे लोक एका टर्नमध्ये दोन फायरबॉल टाकतात आणि त्यावर खूश असतात. पण त्यांचा सहाव्या लेव्हलचा स्लॉट जातो, आणि तो गेलेला मला चालत नाही. स्वभाव.

एक पळवाट सांगायलाच हवी. विझार्ड स्क्रोलवरून स्पेल शिकतो, दर स्पेल लेव्हलला ५० नाणी, आपल्या शाखेचा स्पेल असेल तर निम्मी. कागदावर एक लेव्हलचा विझार्ड फार तर पहिल्या लेव्हलचे स्पेल वहीत उतरवू शकतो. इथे गेम फक्त तुमच्याकडे त्या लेव्हलचा स्लॉट आहे का ते बघतो. म्हणून सॉर्सरर एक, विझार्ड चार असताना, स्वतःच्या बळावर तिसऱ्या लेव्हलचा एकही स्पेल येत नसताना, मी १५० नाण्यांत फायरबॉल शिकले. याच वाटेनं अकरा लेव्हलचा क्लेरिक (देवाच्या कृपेनं जादू करणारा) आणि एक लेव्हलचा विझार्ड असं पात्रही निघतं, आणि तो क्लेरिक सहाव्या लेव्हलचे विझार्डी स्पेल वहीत उतरवून बसतो. भावाला हे सांगितलं तेव्हा तो काही वेळ बोललाच नाही. मलाही हे जरा अतीच वाटतं. मग विझार्डनं बारा लेव्हल घासायच्या कशाला? पण बंद करू नये असंही वाटतं.

खटकतं ते एवढंच, की लेव्हल वाढवण्याच्या पडद्यावर दुसरा क्लास घेताना काय मिळतंय ते दिसतं, काय लांबणीवर पडतंय ते दिसत नाही. फीट कधी येणार हे तिथे एका ओळीत आलं असतं तर नवख्यांचं भलं झालं असतं. वही आणि पेन जवळ ठेवा. एक ते बारा आकडे उभे लिहा, समोर क्लास, स्लॉट आणि फीट. पाच मिनिटांचं काम आहे. आणि सगळ्यात सोप्या एक्सप्लोरर पातळीवर खेळत असाल तर मल्टिक्लासचं बटण शोधत बसू नका, त्या पातळीवर ते नसतंच.

या बिल्डच्या (पात्राच्या बांधणीच्या) उणिवाही आहेत. धनुष्यवाले लांबून मारतात त्यांना कवचाचं काही वाटत नाही, आणि ज्यांना गारठा बाधत नाही त्यांच्यापुढे मी नुसतीच अंगावर बर्फ घेतलेली बाई. अशा वेळी गुमान मागे जाऊन काउंटरस्पेल (समोरच्याची जादू मोडणारा स्पेल) राखून बसते. तोही अ‍ॅब्जुरेशनचाच, वॉर्ड तेवढाच भरतो.

एप्रिल २०२५च्या आठव्या पॅचमध्ये विझार्डला ब्लेडसिंगिंग ही शाखा मिळाली, आणि तलवार घेऊन नाचणारा विझार्ड माझ्या वहीत आता अर्ध्या पानावर आहे. भावाचं म्हणणं, त्याला दोन लेव्हल फायटर द्यावेत. मी अजून सहाव्या लेव्हलच्या स्लॉटवर अडून बसलेय.