संध्याकाळी बॅग दिली, रात्री कल्चर रिपोर्ट हजर

पोटाचं डायलिसिस (सीएपीडी) घरी चालू असलेल्यांनी हे वाचाच. खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरी हे घडलं, आणि तोच माणूस आता संकेश्वर-निपाणी बाजूला फिरतोय असं कानावर आलंय.

तात्यांच्या पोटातून बाहेर आलेल्या पाण्याची बॅग गढूळ दिसली. शिकवल्याप्रमाणे खाली 'तरुण भारत' ठेवला, तर बातमीची अक्षरं दिसेनात. पोटही दुखत होतं. बाहेर धो धो पाऊस. बॅगांचे बॉक्स येतात त्या गाडीबरोबर येणारा एक ओळखीचा माणूस, पूर्वी लॅबमध्ये होतो म्हणून सांगणारा, म्हणाला, "पावसात कशाला जातासा बेळगावला? बॅग द्या, कल्चर करून आणतो." कल्चर म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी. रोख पैसे घेऊन गेला.

रात्री व्हॉट्सॲपवर रिपोर्ट. औषधांची लांबलचक यादी, सगळ्यांपुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट. फक्त मेरोपेनम या अँटिबायोटिकपुढे 'एस', म्हणजे लागू पडणारं. लगेच फोन: "हे एकच चालतंय बघा, मेडिकलात मिळायचं नाही, माझ्याकडं हाय." घरातली म्हातारी माणसं 'आर'चा तो रकाना बघूनच गारठली. इंजेक्शनं आली, बिल नाही. काही डोस गेलेसुद्धा.

बेळगावच्या सेंटरमधल्या, पोटाचं डायलिसिस बघणाऱ्या सिस्टरनी रिपोर्ट बघितला तो असा: नमुन्याच्या जागी 'युरिन'! त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं देतो. पेशींची मोजणी त्याच दिवशी मिळते. एका मायक्रोलिटरमध्ये १०० च्या वर पांढऱ्या पेशी आणि त्यात निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पेशी) असले की पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या पडद्याला संसर्ग, धरतात. कल्चरमध्ये मात्र जंतू वाढायलाच साधारण एक-दोन दिवस जातात, कुठलं औषध लागू पडतं ते त्यानंतर कळतं. आणि उपचार त्यासाठी थांबत नाहीत. नमुना घेतला की लगेच दोन्ही प्रकारच्या (ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह) जंतूंवरची अँटिबायोटिक्स बॅगेतूनच सुरू करतात, रिपोर्ट आल्यावर बदलतात. म्हणजे 'आधी रिपोर्ट, मग खास इंजेक्शन' हा क्रमच बनावट.

इंजेक्शनची कुपी उजेडात धरली तेव्हा खोक्यावरचा बॅच नंबर वेगळा, कुपीवरचा वेगळा. आत काय होतं देव जाणे. मेरोपेनम शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे कडक नोंदीच्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. २०१४ पासून अशा औषधांच्या विक्रीची नोंद, डॉक्टर आणि पेशंटच्या नावासकट, दुकानदाराला वहीत ठेवावी लागते. बिल नाही तिथं नोंद कसली?

पैशाचं दुःख कमी आहे. अँटिबायोटिक आधीच अंगात गेल्यावर खरं कल्चर निगेटिव्ह येऊ शकतं, आणि तसंच झालं. कुठला जंतू, कशाला दाद देतो, डॉक्टरांना काहीच कळेना. योग्य औषध देऊनही पाच दिवसांत बॅग स्वच्छ होईना, शेवटी कॅथेटर (पोटात बसवलेली डायलिसिसची नळी) काढला. आता तात्या रक्ताच्या डायलिसिसला बेळगावच्या फेऱ्या मारतात. रेझिस्टन्स खरंच वाढलाय, डॉक्टरही तेच सांगतात. म्हणून तर असली थाप पचते.

रिपोर्टवरच्या पत्त्यावर गेलो तर तिथं मोबाईल रिपेअरीचं दुकान. कुपी, खोकं आणि चॅट जपून ठेवून औषध निरीक्षकाकडे लेखी तक्रार दिली आहे. तुमच्याकडे असा एका रात्रीतला रिपोर्ट किंवा बिनबिलाची कुपी असेल तर फेकू नका, तुमचीही तक्रार द्या. आणि बॅग गढूळ दिसली तर ती तशीच घेऊन थेट आपल्या सेंटरला जा, पाऊस असला तरी.