नुसता बॉल जॉइंट की अख्खा लोअर आर्म?

पिंपळगावला कांदा वाहणाऱ्या पिकअपचं पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवलं आणि खटखट आली (आधी बेअरिंग तपासा, त्याचाही ढिलेपणा असाच जाणवतो), की नाशिकच्या द्वारकेचा मिस्त्री दोन पर्याय सांगतो: नुसता झिजलेला बॉल जॉइंट (चाकाकडचा भाग आर्मला जोडणारा, फिरणारा गोल सांधा) बदला, किंवा तो ज्यावर बसतो तो अख्खा लोअर आर्म (चाकाकडचा भाग गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा).

नुसता जॉइंट स्वस्त. पण प्रेस-फिट (आर्मच्या भोकात दाबून बसवलेला) असेल तर प्रेसच (दाब देणारं यंत्र) हवी. हातोड्याने ठोकला की आर्मचं भोक सैल होतं आणि नवा जॉइंटही लवकर वाजतो. बोल्टवाला असेल तर प्रश्नच नाही, तोच बदला.

अख्खा आर्म महाग, मात्र बुशही (आर्म सांगाड्याला जोडतो तिथले रबरी तुकडे) नवे येतात. बुश फाटले असतील तर मी आर्मच घेईन. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) दोन्हीनंतर करा, नाहीतर गाडी टायर खाते.