रोमन फौज लढवायचीय? रोम रीमास्टर्ड की रोम टू

सेल लागला की हा प्रश्न हमखास येतो: रोमनांकडून खेळायचंय, पैसे एकाच गेमचे आहेत, टोटल वॉर या कॉम्प्युटरवरच्या युद्धगेमच्या मालिकेतला कुठला घेऊ, जुन्या रोमची सुधारलेली आवृत्ती रीमास्टर्ड की रोम टू? दिसण्यात टोटल वॉर रोम टू पुढे आहे, त्यावर वाद नको. पण मी रणांगणाचंच बोलणार, कारण रोमन फौजेची खरी गंमत तिच्या तीन रांगांत आहे.

पुढे हस्ताती, मागे प्रिन्सिपेस, शेवटी लांब भालेवाले त्रियारी. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस 4200 च्या लिजनचा, म्हणजे रोमन पलटणीचा, हिशोब देतो: पहिल्या दोन रांगांत 1200-1200, त्रियारी 600 आणि भालाफेके वेलितेस 1200. पुढचे दमले की मागचे पुढे. ‘गोष्ट त्रियारींवर आली’ अशी लॅटिनमध्ये म्हणच होती. म्हणजे आता अगदी गळ्याशी आलंय.

तर ही अदलाबदल दोन्हीपैकी एकाही गेममध्ये बटण दाबून होत नाही. सगळं हातानेच. मी सुरुवातीला काय करायचो, हस्ताती खचायला लागले की त्यांना सरळ मागे फिरवायचो. पाठ वळली की शत्रू कापत सुटायचा, आणि मागे घेतलेली तुकडी थांबायची थेट नकाशाच्या कडेला. नंतर कळलं, आधी प्रिन्सिपेसना बाजूने आणून भिडवायचं, शत्रू त्यांच्यात गुंतला की मग हस्तातींना काढून घ्यायचं. ही युक्ती दोन्हीकडे चालते, पण रीमास्टर्डमध्ये चूक लगेच अंगाशी येते. तिथे साधा सैनिक एका घावात जातो, पाठीवर हल्ला झाला की मनोधैर्य धाडकन कोसळतं. रोम टूमध्ये सैनिकाला हेल्थ पॉइंट्स आहेत, त्यामुळे चांगली तुकडी चुकीच्या जागी अडकली तरी बराच वेळ तग धरते.

पिलमचंही, म्हणजे रोमनांच्या फेकायच्या भाल्यांचंही, तसंच. रीमास्टर्डमध्ये फायर ॲट विल (आपोआप फेक) चालू ठेवून, गार्ड मोडवर (जागा न सोडता) रांग उभी करा आणि शत्रू, म्हणजे गॉल, येऊ द्या. अंगावर यायच्या आत भाल्यांची एक फेक बसली की त्यांच्या धाव्यातली हवा जाते. मात्र ते फार जवळ आले असतील तर आपले लोक हात उगारलेल्या अवस्थेतच सापडतात. तेव्हा ऑल्ट दाबून राइट क्लिक करायचं, म्हणजे फेकाफेक सोडून थेट तलवारी निघतात. रोम टूमध्ये पिलम धावा करतानाच जातात, वेळ साधायची कटकट कमी. मला ती कटकटच आवडते, तो भाग वेगळा.

मॅसिडोनियाच्या फॅलँक्सवर, म्हणजे लांब भाल्यांच्या दाट भिंतीवर, समोरून जाऊ नका, कुठल्याही गेममध्ये. इ.स.पू. 197 मध्ये सायनोसेफलीच्या लढाईत एका ट्रिब्यूनने (रोमन अधिकाऱ्याने) 20 मॅनिपल (लिजनमधल्या छोट्या तुकड्या) घेऊन फॅलँक्सच्या पाठीवर झेप घेतली आणि लढाई तिथेच फिरली. रीमास्टर्डमध्ये हे जसंच्या तसं करता येतं: हस्ताती समोर नुसते अडवायला, त्रियारी आणि घोडदळ वळसा घालून मागून. झामाच्या लढाईची नक्कल मात्र फसते. तिथे रोमन सेनापती स्किपिओने हॅनिबलच्या हत्तींसाठी मॅनिपलांमध्ये वाटा सोडल्या होत्या. इथले हत्ती रिकाम्या वाटेने निघून जात नाहीत, ज्या तुकडीवर सोडलेत तिच्याच अंगावर जातात. वेलितेस पुढे ठेवा, भाले मारत राहा.

मारियसच्या सुधारणांच्या (तीन रांगांऐवजी सगळे एकसारखे लिजनरी सैनिक) बाबतीत रोम टू जिंकतो. रीमास्टर्डमध्ये इटलीत इम्पीरियल पॅलेस उभा राहिला की सुधारणा लागू, आणि जुने हस्ताती अनाथ: भरती बंद, तुटलेल्या तुकड्या भरून काढता येत नाहीत. वीस वर्षं सांभाळलेली फौज अशी झिजताना बघणं जिवावर येतं. रोम टूमध्ये तंत्रज्ञान मिळालं की पैसे भरून त्याच तुकड्यांना लिजनरी करता येतं. शिवाय तिथे लिजनला नाव देता येतं, तिच्या परंपरा वाढत जातात. त्या बदल्यात सेनापतीशिवाय फौज हलत नाही आणि फौजांची संख्याही मर्यादित असते. सीमेवर दोन-चार तुकड्या सोडून द्यायची सोय रीमास्टर्डमध्येच.

माझं मत विचाराल तर डावपेच शिकायचे असतील तर रीमास्टर्ड घ्या. ज्याला लढाईपेक्षा लिजन वाढवण्यात रस आहे त्याने रोम टू घ्यावा, एम्परर एडिशन. आणि त्यावर डिव्हाइड एट इम्पेरा हा मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेला बदल) टाकायची तयारी असेल तर मीही रोम टूच म्हणेन. त्यात लढाया संथ होतात, आणि प्रिन्सिपेसना पुढे आणून हस्तातींना सुखरूप मागे घ्यायला वेळ मिळतो.