लायनरचे पैसे दिले, चिमणीत लायनर नव्हताच

आमच्या बेसमेंटमधल्या, घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरवर दोन बारीक वायरी होत्या, एकमेकींना पीळ देऊन काळ्या टेपनं बांधलेल्या. त्या वायरींपायी माझ्या सासूबाईंचा जीवच जायचा, थोडक्यात वाचल्या. न्यू जर्सीत जुनी घरं घेतलेली आपली कितीतरी माणसं आहेत, म्हणून घडलं ते लिहितेय.

घर १९५६ सालचं. बॉयलर तेलावर चालणारा होता, तो काढून गॅसचा बसवायचं गेल्या ऑक्टोबरात ठरवलं. तिघांकडून भाव मागवले. दोघांनी चिमणी आधी आतून बघू, टाऊनशिपचं (म्हणजे इथल्या नगरपालिकेचं) परमिट काढू असं म्हणत बारा हजार डॉलरच्या पुढचा आकडा सांगितला. तिसरा ओळखीतून आला. बोलायला गोड, दारात बूट काढून आत येणारा. त्यानं ९,४०० सांगितले, त्यातले २,६०० चिमणीतल्या स्टीलच्या लायनरचे. रोख द्या, परमिट काढू नका, म्हणजे आणखी ६०० कमी करतो, म्हणाला. "भाभीजी, टाऊनशिपची माणसं तारखा देत बसतात. थंडीत कुडकुडाल." सासूबाई डिसेंबरात साताऱ्याहून यायच्या होत्या. आम्ही हो म्हटलं.

लायनर कशाला लागतो हे त्यानंच आम्हाला समजावलं होतं, आणि अगदी बरोबर समजावलं होतं. जुन्या चिमणीत आतून भाजक्या मातीचे चौकोनी नळे एकावर एक रचलेले असतात, आपल्या कौलांच्याच जातीचे. तेलाच्या बॉयलरचा धूर कडक गरम असायचा, तो सरळ वर निघून जायचा. गॅसच्या बॉयलरचा धूर तुलनेनं थंड, आणि त्यात वाफ फार. एक थर्म (बिलात गॅस मोजायचं एकक) गॅस जळला की चार लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. कडाक्याच्या थंडीत आमच्या घरात दिवसाला सहा-सात थर्म जळतात. हे सगळं पाणी मोठ्या, गार चिमणीत वर पोचायच्या आतच भिंतींवर जमतं, तेलाच्या जुन्या काजळीतल्या गंधकात मिसळून आम्ल होतं आणि मातीचे नळे खायला लागतं. म्हणून आत बेताच्या मापाचा, अखंड स्टीलचा नळ सोडायचा. तो लवकर तापतो, धूर ओढून घेतो. हे सगळं त्या माणसाला पाठ होतं. माझा राग त्यामुळेच जात नाही. त्याच्याकडून चूक झाली नाही, त्यानं जाणूनबुजून केलं.

काम दोन दिवसांत झालं. छपरावरून काढलेला फोटो त्यानं दाखवला: चिमणीच्या तोंडाशी चकचकीत स्टील. खाली बेसमेंटमध्येही नळ चिमणीत शिरतो तिथं तसंच चकचकीत. आम्ही पैसे मोजून दिले.

आठवड्याभरात बॉयलर मधेच बंद पडायला लागला. बोलावल्यावर तो लगेच आला, दहा मिनिटं खाली होता. "सेन्सर नाजूक असतो, आता त्रास नाही देणार." खरंच पुन्हा कधी बंद पडला नाही. आम्ही त्याचे आभार मानले.

तो सेन्सर म्हणजे धूर चिमणीत न जाता खोलीत उलटला की गॅस तोडणारा स्विच होता. बॉयलर त्याचं काम चोख करत होता, धूर उलटतोय हे ओरडून सांगत होता. त्या माणसानं स्विचच्या वायरी काढून एकमेकींना जोडून टाकल्या.

डिसेंबरात सासूबाई आल्या. त्यांना खालच्या मजल्यावरची खोली दिली, जिने चढायला नकोत म्हणून. ती खोली बरोबर बॉयलरच्या वर. रोज सकाळी डोकं दुखायचं, चहा नकोसा व्हायचा. बाहेर चक्कर मारून आल्या की बऱ्या. "अगं, इथली हवाच मला सोसत नाही," म्हणायच्या. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर होता, तो बोटाला लावला. ९८ आकडा बघून आम्ही निर्धास्त झालो. नंतर हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं की त्या यंत्राला रक्तातला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे धुरातला विषारी वायू, यांतला फरक कळत नाही. दोन्ही त्याला सारखेच लाल दिसतात. कुणाच्या घरी बॉयलर किंवा गॅस गीझर असेल आणि बंद घरात डोकं दुखून बाहेर गेल्यावर बरं वाटत असेल, तर कृपा करून त्या आकड्यावर विसंबू नका.

संक्रांतीच्या आदल्या रात्री मी उशिरापर्यंत गुळाच्या पोळ्या करत होते. ओट्यावरचा मोठा एक्झॉस्ट चालू, खाली कपड्यांचा ड्रायर चालू, खिडक्या सगळ्या बंद. पंखा आणि ड्रायर दोघंही घरातली हवा बाहेर फेकत होते. तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी, ती चिमणीतून खाली येत होती, बॉयलरचा धूर बरोबर घेऊन. अडीच वाजता वरच्या मजल्यावरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. हे अलार्म ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू) तासाभरानं, कधी चार तासांनीही वाजतात. त्याहून कमी प्रमाण असेल तर महिनाभर गप्प राहू शकतात. आणि सासूबाईंच्या खोलीजवळ अलार्म नव्हताच, ती खोली पूर्वी नवऱ्याचं ऑफिस होती. ही चूक आमची.

सासूबाईंना हाक मारली तर डोळे उघडेनात. नवऱ्यानं त्यांना उचलून तसंच बर्फात नेलं, मी ९११ला फोन केला. अग्निशमन दलाच्या माणसानं मीटर घेऊन आत पाऊल टाकलं आणि तो किणकिणायला लागला. बेसमेंटमध्ये १८० पीपीएम होतं. सासूबाईंना रात्रभर मास्कनं ऑक्सिजन दिला. सकाळी त्यांनी पहिलं काय विचारलं? पोळ्या झाकल्यास का गं?

गॅस कंपनीनं बॉयलर आणि त्याच चिमणीला जोडलेला वॉटर हीटर, दोन्हींवर धोक्याची लाल पट्टी लावून गॅस बंद केला. तिसऱ्या दिवशी चिमणीचा जाणकार माणूस आला. मीटर हातात धरून त्यानं वॉटर हीटर दोन मिनिटांपुरता पेटवला, ड्रायर आणि एक्झॉस्ट चालू करायला लावला आणि धूर करायला काही आहे का विचारलं. सासूबाईंनी देवघरातली उदबत्ती दिली. हीटरच्या डोक्यावरच्या हूडच्या कडेशी त्यानं ती धरली. धूर आत ओढला जायला हवा होता. तो सरळ आमच्या तोंडावर आला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पदर नाकाला लावून उभ्या राहिल्या.

मग त्यानं वरून कॅमेरा सोडला. स्क्रीनवर साधारण मीटरभर चकचकीत स्टील दिसलं, आणि ते संपलं. कापलेली कडा, तिच्याखाली उघडे मातीचे नळे, ओलसर, पोपडे सुटलेले. दोन नळे पूर्ण ढासळले होते आणि त्यांच्या तुकड्यांनी खालचं तोंड अर्ध्याहून जास्त बुजलं होतं. त्या ढिगाऱ्यात तळाकडचा हातभर स्टीलचा तुकडा. दोन्ही टोकांना दिसेल एवढंच बसवलं होतं.

त्या माणसाचा फोन आता लागत नाही. राज्याच्या ग्राहक विभागाकडे तक्रार दिली आहे. तिथं कळलं की त्याची नोंदणीच नव्हती, आणि ५०० डॉलरवरच्या घरकामाचा लेखी करार इथं कायद्यानंच लागतो. आमच्याकडे होती एका कागदावरची बेरीज. परमिट काढलं असतं तर चिमणी तपासल्याचा सहीचा कागद जोडावा लागला असता आणि टाऊनशिपचा इन्स्पेक्टर खाली उतरून उभा राहिला असता. ६०० डॉलर वाचवायला आम्ही नेमका तोच माणूस दाराबाहेर ठेवला. आता नवा लायनर बसलाय. काम करणाऱ्याकडून आधीचा आणि नंतरचा, वरपासून खालपर्यंतचा सलग व्हिडिओ घेतला, मगच चेक दिला. फोटो घेऊ नका. फोटोत टोकच दिसतं.

त्यानं त्याच मोसमात आमच्या ओळखीत आणखी दोन घरी बॉयलर बसवले होते. दोघांनाही मी फोन केला. एकाकडे तशाच टेप लावलेल्या वायरी सापडल्या. दुसऱ्या घरी वायरी जागेवर आहेत, पण चिमणीत काय आहे ते शनिवारी कॅमेरा गेल्यावर कळेल. तोवर त्यांनी बॉयलर बंद ठेवलाय. घरात चार महिन्यांचं बाळ आहे, म्हणून आमचे दोन्ही विजेचे हीटर काल त्यांच्याकडे पोचवून आलो.