घरी बांधलेली सेव्हन, एक हंगाम चालवल्यावर

गाडी कोणती ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही हे ठरवता येईल. लोटस सेव्हन ही इंग्लंडातली हलकी, उघडी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार १९५७ साली आली. तेव्हा ती सुट्या भागांतही मिळायची, कारण स्वतः जोडलेल्या गाडीवर इंग्लंडातला खरेदीकर वाचत असे. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले, पण तो साचा कुणा एकाचा राहिला नाही. आजही इथले, म्हणजे इंग्लंडातले, छोटे कारखाने नळ्यांची चासी, म्हणजे सांगाडा, आणि फायबरचं नाक विकतात. बाकी सामान आपण एखाद्या जुन्या गाडीतून, म्हणजे डोनरमधून, काढायचं. माझी त्यातलीच एक. आतलं सगळं पहिल्या पिढीच्या १.८ माझदा एमएक्स-५ चं: एंजिन, पाच गिअरचा बॉक्स, डिफ (मागच्या चाकांना ताकद वाटणारा डिफरन्शियल), ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंगसुद्धा. कव्हेंट्रीजवळ आमच्या घराला लागून असलेल्या गॅरेजात बांधली, मार्चमध्ये आयव्हीए, म्हणजे एकेकट्या गाडीला रस्त्यावर आणण्याआधीची सरकारी तपासणी, पास झाली. मोठे भाग एकाच डोनरचे आहेत हे पावत्या आणि फोटो लावून दाखवता आलं, म्हणून डोनरच्या वयाची नंबरप्लेट मिळाली, वय किंवा मूळ न कळणाऱ्या गाडीला देतात ती 'क्यू' नाही. पेट्रोल-पाण्यासकट वजन ६३० किलोच्या आसपास, एंजिन १३० अश्वशक्तीचं.

भेटणारा प्रत्येक माणूस विचारतो, ताकद किती वाढवली? काहीच नाही. चार थ्रॉटल बॉडी (प्रत्येक सिलिंडरला हवेची वेगळी झडप) आणि वेगळा ईसीयू (एंजिनचा कॉम्प्युटर) यांचा खर्च काढून पाहिला होता. तेवढ्या पैशात खाली लिहिलेलं सगळं झालं आणि टायरचा एक जोड उरला. टनाला दोनशेहून जास्त अश्वशक्ती आधीच आहे. गाडीला कमी पडत होतं ते दुसरंच.

पहिले काही आठवडे ती सरळ रस्त्यावर छान आणि वॉरिकशरच्या खडबडीत गावरस्त्यांवर असह्य होती. खड्ड्यावर पुढचं चाक चक्क उडायचं. किटबरोबर आलेल्या पुढच्या स्प्रिंगा इंचाला ३५० पौंडांच्या, म्हणजे एक इंच दाबायला ३५० पौंड लागतील इतक्या कडक, होत्या. इतक्या हलक्या नाकाला त्या ट्रॅकवरच शोभतात. २५० च्या घातल्या, डँपर (शॉक ॲब्सॉर्बर) दोन क्लिक सैल केले, आणि गाडी रस्त्याला चिकटून चालू लागली. त्याहून मोठा फरक पडला तो चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून उंची जुळवल्यावर. हे करताना ड्रायव्हरच्या सीटवर माझ्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या. ६३० किलोच्या गाडीत एका बाजूला बसलेला माणूस म्हणजे आठवा हिस्सा. रिकामी गाडी तोलून काहीच कळत नाही. कर्णावरच्या दोन चाकांवरच्या वजनाची बेरीज एकूण वजनाच्या निम्म्यावर आणली, मग कॅम्बर आणि टो, म्हणजे चाकांचे कोन, जुळवले. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची, ते त्याच दिवशी थांबलं. मी ब्रेकच्या कॅलिपरवर संशय घेऊन बसलो होतो.

टायरमधल्या हवेबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. माझदाच्या दारावर २६ पीएसआय लिहिलेलं असतं, पण ते जवळजवळ टनभर गाडीसाठी. इथे मी १८ ठेवतो. २६ वर टायर मधेच घासला जातो आणि तापतच नाही. ब्रेक पॅडचंही तेच. ट्रॅकवाल्यांच्या सांगण्यावरून कडक पॅड घेणारे बरेच आहेत, पण हलक्या गाडीत ते रस्त्यावर कधी गरमच होत नाहीत. पहिल्या चौकात पाय दाबावा तर गाडी पुढेच जाते. साधे, थंड असतानाही पकडणारे पॅड उत्तम. मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह मात्र नीट लावून घ्या. पुढच्या आधी मागची चाकं लॉक होता कामा नयेत, हे आयव्हीएतही तपासतात आणि व्हॉल्व्ह तपासणीनंतर फिरवता येणार नाही असा पक्का केलेला लागतो.

जूनमध्ये ट्रॅफिकमध्ये एंजिनच्या तापमानाचा काटा चढू लागला. इथे थोडा इतिहास लागतो. हे एंजिन मुळात आडवं बसवायचं, माझदाच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ३२३ साठीचं. तिथे थर्मोस्टॅट (एंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) पाण्याच्या पंपाच्या विरुद्ध टोकाला होता, त्यामुळे पाणी एका टोकाने शिरून सगळे सिलिंडर धुऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. एमएक्स-५ मध्ये एंजिन उभं बसवलं तेव्हा मागे फायरवॉल (एंजिन आणि केबिनमधली भिंत) आड आली, म्हणून थर्मोस्टॅट पुढे पंपाच्याच बाजूला आणला. चौथ्या सिलिंडरच्या बाजूला पाणी फिरतं ते मुख्यतः हीटरच्या पाइपातून. आणि किट बांधणारे आपण सगळ्यात आधी काय काढतो? हीटर! तो पाइप बुजवला की मागचा सिलिंडर उपाशी. पॅनलवरचा काटाही पुढच्या बाजूचंच तापमान सांगतो, त्यामुळे तो शांत आणि मागे भाजतंय असं होऊ शकतं.

मी थर्मोस्टॅट परत मागे नेणारा जोड घेतला, एंजिनच्या हेडच्या मागच्या टोकाला तापमानाचा वेगळा सेन्सर लावला. सोबत दुसरं एक काम केलं, जवळजवळ फुकटचं: नाकातून आत येणारी हवा रेडिएटरमधून न जाता त्याच्या कडेने पळत होती. ॲल्युमिनियमचा पत्रा कापून बोगदा केला आणि फटींना फोम चिकटवला. नंतर जुलैत शेल्सली वॉल्शच्या हिलक्लाइंबला (चढाच्या रस्त्यावरच्या शर्यतीला) प्रेक्षक म्हणून गेलो, तिथल्या पार्किंगच्या रांगेत फॅन लागून बंद होत राहिला आणि काटा हलला नाही. दोन्हींपैकी एकच करायचं असेल तर आधी पत्रा कापा.

विजेचं श्रेय माझं नाही. डावा इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा नाचायचा. मी आकृत्या पसरून बसलो होतो. सासरे उन्हाळ्यात पिंपरीहून आले होते. टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, टूलरूममध्ये आयुष्य गेलेलं. पहिल्या दिवशी त्यांनी गाडीभोवती फेरी मारून विचारलं, "जावईबापू, दार कुठून उघडायचं?" दार नाही म्हटल्यावर बराच वेळ गप्प. दुसऱ्या दिवशी मात्र मीटर घेऊन आले. "चासीला पावडर कोटिंग केलंय ना? मग अर्थिंग रंगावर बसलंय तुमचं. आधी ते खरवडा." प्रत्येक अर्थिंगच्या जागी रंग उघड्या लोखंडापर्यंत काढला, दातेरी वायसर घातले, वरून ग्रीस. काटा नाचायचा थांबला, मागचे दिवेही उजळ झाले. जाण्याआधी त्यांनी सस्पेन्शनच्या एकूण एक बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ ओढून ठेवली, सैल झाला तर नुसतं पाहून कळावं म्हणून. मला शिकायला मिळालेली सगळ्यात स्वस्त सुधारणा ती.

स्टिअरिंग थोडक्यात: पॉवर स्टिअरिंगचा रॅक (चाकं वळवणारा दांडा) घेऊन पंप काढून टाकला, तर नुसते पाइप एकमेकांना जोडून भागत नाही. आतल्या पिस्टनचा सील तसाच राहतो आणि हात दुखवतो. रॅक उघडून सील काढावा लागतो. एका शनिवारचं काम.

बसायला फायबरची बकेट सीट होती, तिथे दोन भागांचा फोम पिशवीत ओतून, त्यावर बसून, माझ्या पाठीच्या आकाराची केली. तासाभराने पाय मुंग्यांनी भरायचे ते बंद. गिअरबॉक्सच्या बोगद्याला आतून उष्णतारोधक पत्रा लावला, डावा गुडघा वाचला. समोर पूर्ण काच अजून लावलेली नाही. काच नसेल तर वायपर आणि धुकं घालवायची सोय आयव्हीएत मागत नाहीत, म्हणून बरेच जण सुरुवातीला एअरोस्क्रीनवर, म्हणजे वारा अडवणाऱ्या छोट्या आडोशावर, भागवतात. पण हेल्मेटशिवाय मोटरवेवर जाऊ नये. एक भुंगा पुरे होतो.

पुण्याचे मित्र विचारतात, तिकडे जमेल का? गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आठवत असेल: फायबरची बॉडी, रेनोचं १.२ लिटरचं एंजिन. पण ती कारखान्याची गाडी होती. घरी बांधलेल्या एकट्या गाडीला रस्त्यावर आणणारी आयव्हीएसारखी सरळ वाट भारतात नाही, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरफारांवर बरीच बंधनं घालतं. ट्रॅकपुरती बांधायची तर गोष्ट वेगळी. इथेही प्रत्येक बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. मी स्प्रिंगांपासून सगळं कळवलं, हप्ता फारसा हलला नाही. थ्रॉटल बॉडीचं नुसतं विचारलं तेव्हा आकडा लगेच वर गेला होता.

राहिलेली तक्रार एकच. डिफचं गुणोत्तर ४.१ आहे, आणि इतक्या हलक्या गाडीला ते फार आखूड पडतं. ताशी ७० मैलांना पाचव्यात एंजिन साडेतीन हजारांवर ओरडत असतं, आणि पहिला गिअर चौक ओलांडायच्या आत संपतो. हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर गाडी काढणार नाहीच, तेवढ्यात डिफ उतरवून उंच, म्हणजे आकड्याने लहान, गुणोत्तराचा बसवायचा आहे. कुणी तो बदल याच चासीत केला असेल तर प्रॉपशाफ्टची (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतच्या दांड्याची) लांबी बदलावी लागली का, तेवढं कळवा.